गाडी होईपर्यंत

शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी पेपरांचा गठ्ठा घेऊन घरी आले होते. चपला काढतेय तोवर फोन वाजला. येवल्याहून सासूबाईंची शेजारीण बोलत होती. "ताई, आजींना कालपासून लय दम लागतोय. पाय बी सुजलेत. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले, पण ते म्हणतात नाशिकला हलवा."

सासरे गेल्यापासून सासूबाई येवल्यात एकट्याच राहत होत्या. आम्ही कितीदा बोलावलं, पण आमच्या नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये त्यांचा मुक्काम कधी चार दिवसांच्या वर गेला नाही. दार लावून घरात बसायचं ही गोष्टच त्यांना पटत नसे. येवल्यात त्यांची गल्ली होती, उंबऱ्यावर बसायला जागा होती, पूर्वी ज्यांच्या मागांसाठी त्यांनी पैठणीच्या रेशमाच्या कांड्या भरून दिल्या ती घरं होती. नवरा तेव्हा सातपूरला कारखान्यात पाळीवर होता. तो तिथे स्टोअर सांभाळतो. तो असता तरी गाडी मलाच चालवावी लागली असती. त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं सुरू झाल्यापासून त्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. त्याला मेसेज टाकला, पेपर तसेच टेबलावर ठेवले आणि निघाले.

येवल्याला पोचले तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की गुदमरायला व्हायचं. अँब्युलन्सची चौकशी केली तर ती लासलगावकडे पेशंट घेऊन गेलेली, कधी परतेल ते कुणी सांगेना. शेजारीण सोबत यायला निघाली, तर त्या दम खात खात म्हणाल्या, "तू नको. म्हैस कोण पिळंल?" शेवटी आम्ही दोघीच निघालो. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पाठीशी उशी दिली, एसी लावला.

विंचूरच्या चौकात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. उन्हात आम्ही बराच वेळ तिथेच अडकलो. सासूबाई डोळे मिटून श्वास ओढत होत्या. तो आवाज मला अजून आठवतो, रिकाम्या पंपातून हवा यावी तसा. रांग सुटली, मी वेग घेतला, निफाड मागे पडलं, आणि चांदोरीच्या अलीकडे समोर लाल दिवा लागला. इंजिन तापल्याचा.

तो मला दिसला. काय करायला हवं तेही ठाऊक होतं. गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, निवू द्यायचं. मी सासूबाईंकडे पाहिलं. ओठ काळसर दिसत होते. मी फक्त एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि गाडी तशीच पुढे नेली. मध्येच जळल्यासारखा वास आला. मग पेडल दाबूनही गाडी ओढेना. शिलापूर यायच्या आधी बॉनेटमधून वाफ निघाली, आत काहीतरी लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं वाजलं आणि गाडी थांबली. चावी फिरवली तर नुसता कट्ट आवाज.

मी रस्त्यावर उभी राहून हात करायला लागले. दोन गाड्या तशाच गेल्या. मग कांद्याच्या गोण्या भरलेला एक पिकअप थांबला. ड्रायव्हर उतरला, आत डोकावला आणि काही न विचारता सासूबाईंना उचलून त्याने केबिनमध्ये बसवलं. केबिनमध्ये माझ्यासाठी जागा उरली नव्हती, कारण शेजारी त्याची बायको बसलेली होती. तिनेच सासूबाईंना खांद्याशी धरलं. मी मागे गोण्यांवर चढले. केबिनच्या मागच्या काचेतून मला सासूबाईंचा अंबाडा दिसत होता. नाशिक येईपर्यंत मी त्या अंबाड्यावरून नजर काढली नाही. तो हलतोय ना, एवढंच बघत होते.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले की हृदय अशक्त झालंय, फुप्फुसात पाणी साठलंय, वेळेवर आणलंत. 'वेळेवर' हा शब्द मी पुढचे कित्येक दिवस उराशी धरून होते.

सासूबाई आयसीयूत होत्या आणि गाडी औरंगाबाद रस्त्याच्या कडेला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने माणूस बघून ती दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून द्वारका चौकाजवळच्या गॅरेजला नेली. ते गॅरेज आमचं ठरलेलं होतं. तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे. आम्ही गाडी नवी घेतली तेव्हापासून तिचं सगळं तेच बघायचे. मी गाडी शिकले ती ह्याच गाडीवर, आणि तिला पहिला पोचा आणला तोही त्यांनीच ठोकून काढलेला.

सासूबाईंना साध्या वॉर्डात हलवल्यावर मी गॅरेजला गेले. इंजिनाचा वरचा भाग काढून ठेवलेला होता. मिस्त्रींनी मला स्टूल दिलं आणि विचारलं, "मॅडम, लाल लाईट लागला नव्हता का?"

"लागला होता."

"मग?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. पण तोच प्रश्न मला नंतर सगळ्यांनी विचारला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या टाय लावलेल्या मुलाने विचारला, शाळेतल्या सरांनी विचारला, सोसायटीच्या वॉचमननेही विचारला. नवऱ्याने मात्र विचारला नाही. त्याने न विचारणंही मला जड जायचं.

मिस्त्रींनी समजावून सांगितलं ते असं. पाण्याचा एक पाईप फुटला होता. पाणी सगळं वाहून गेलं आणि इंजिन कोरडं तापत राहिलं. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकलं होतं. आतल्या पिस्टननी सिलिंडरच्या भिंती खरवडून काढल्या होत्या, बोट फिरवलं तर ओरखडे लागत होते. आता दोन रस्ते होते. एक, आहे तेच इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त करायचं. हेड सपाट करून घ्यायचं, भिंतींना बोअरिंग करायचं, म्हणजे त्या आतून कापून गुळगुळीत करायच्या, पिस्टन नवे टाकायचे. दुसरा, हे इंजिन टाकून द्यायचं आणि एखाद्या ठोकलेल्या गाडीचं चालू इंजिन आणून बसवायचं. कंपनीकडून कोरं इंजिन घ्यायचं म्हटलं तर ते गाडीच्या आजच्या किमतीच्या वर जात होतं. सर्व्हिस सेंटरवाल्या मुलाने तोच पर्याय हसत हसत सांगितला होता आणि लगेच नव्या गाडीचं माहितीपत्रक पुढे केलं होतं.

"तुम्ही काय कराल?" मी मिस्त्रींना विचारलं.

"मी तर हेच बनवीन. ह्या इंजिनाला मी ओळखतो. दुसऱ्याचं कसं असंल, कोणी कसं पळवलं असंल, काय सांगावं? पण टाईम लागंल. आणि मॅडम, गाडी तुमची. तुम्ही ठरवा."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो डबा धूत होता. म्हणाला, "तू चालवतेस. तूच ठरव. तू म्हणशील ते करू."

तो मनापासून बोलला होता. माझ्यावर विश्वास होता म्हणून बोलला होता. तरी मला खूप थकायला झालं. सासूबाईंना कुठल्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं ते मी ठरवलं होतं. पलंग कुठे ठेवायचा, बिनमिठाचं काय करायचं, पाणी दिवसाला किती द्यायचं, कामवाल्या बाईंना जास्तीचं काय सांगायचं, सगळं मीच ठरवत होते. आता पिस्टनचंही मीच ठरवायचं होतं.

सासूबाई घरी आल्या तोवर माझी मे महिन्याची सुट्टी लागली होती. बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी त्यांचा पलंग टाकला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही आठवडे तपासण्या चालतील, लांब नेऊ नका. त्या पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या, "गाडी झाली की मी जाते बाई येवल्याला."

"आई, डॉक्टरांनी सांगू द्या ना."

"सांगतील. तोवर गाडी बी होईल."

मग ते रोजचंच झालं. सकाळी चहा दिला की, "गाडीचं काय म्हणतोय तो?" दुपारी जेवताना, "झालं का काही?" त्यांना अळणी भाजी जात नव्हती, ताट तसंच सरकवायच्या. लिफ्टची भीती वाटायची म्हणून खाली उतरायच्या नाहीत. खिडकीतून पार्किंग दिसायचं. आमची जागा रिकामी होती, तिकडे बघत बसायच्या. मी त्यांच्या पायांची सूज बघायची, गोळ्या द्यायची, लघवीला नेऊन आणायची, त्यांचे केस विंचरायची. त्यांना स्वतःला हे सगळं करून घेणं नकोसं व्हायचं. मला करणं नकोसं व्हायचं असं म्हणवत नाही, पण संध्याकाळी ओट्याशी उभी न राहता मी खाली बसूनच भाजी चिरायची.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, जी मी कुणाला बोलले नव्हते. दुरुस्ती करायची म्हटली तर महिना-सव्वा महिना. दुसरं इंजिन बसवलं तर आठ-दहा दिवस. म्हणजे मी जे ठरवीन त्यावर सासूबाई किती दिवस राहणार तेही ठरत होतं. लवकरचा रस्ता धरला तर त्या लवकर जातील, येवल्यात पुन्हा एकट्या. मला सुटका मिळेल, आणि फोन वाजला की आधी येवल्याचा नंबर आहे का ते बघेन. उशिराचा रस्ता धरला तर त्यांची काळजी मिटेल, पण अजून महिनाभर हेच. गाडीचा विचार करायला बसले की मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत असायची.

अशात एका रविवारी नणंद आणि तिचे यजमान पुण्याहून आले. आईला बघायला म्हणूनच आले होते. आंबे आणले होते. जेवणं झाल्यावर दाजींनी गाडीचा विषय काढला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "भंगारात काढा. अकरा-बारा वर्षांच्या गाडीवर आता काय खर्च करायचा? लागली तर टॅक्सी मागवायची. दारात येते."

"येवल्याला जायला रोज टॅक्सी मिळत नाही दाजी," नवरा म्हणाला.

"रोज कोण जातंय? आणि वहिनी, एक विचारू का? राग मानू नका. लाल लाईट लागतो ना अशा वेळी? तो बघून गाडी थांबवली असती तर नुसत्या पाईपवर भागलं असतं."

मी भांडी उचलत होते. हातातल्या ताटल्या तशाच धरून उभी राहिले. तेवढ्यात पलंगावरून सासूबाई बोलल्या. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, आम्हाला वाटलं होतं झोपल्यात.

"लाईट मला बी दिसला होता."

त्या उशीवर हात टेकून उठून बसल्या.

"लाल होता. माझ्या समोरच होता की. मला कळत नाय व्हय, लाल म्हंजे काय? बोलायला दम नव्हता, पण हात तर करता आला असता. नाय केला. म्हटलं, हिला सांगितलं तर ही थांबंल." थोडं थांबून दाजींना म्हणाल्या, "मला जगायचं होतं. गाडी गेली ती माझ्यापायी गेली. तिला कोणी काय विचारायचं नाय आता."

दाजींनी मान खाली घातली. "आई, मी तसं नव्हतो म्हणत," म्हणाले. नणंद उठून आईजवळ जाऊन बसली. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून ताटल्या धूत राहिले. सासूबाईंची आणि माझी लग्नापासून कधी फार गट्टी नव्हती. मी नोकरी करते, गाडी चालवते, वाटणाऐवजी मिक्सर लावते, यातलं काहीच त्यांना फारसं रुचलेलं नव्हतं. पण त्या दिवशी पुढच्या सीटवर आम्ही दोघी तोच दिवा बघत होतो आणि दोघींनी एकच ठरवलं होतं, एकमेकींना न सांगता. मला रडू आलं नाही. फक्त खांदे हलके झाल्यासारखे वाटले.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी मिस्त्रींना फोन करून सांगितलं की आहे तेच इंजिन बनवा. वेळ लागला तर लागू दे. सासूबाईंनाही सांगितलं, "आई, गाडीला महिना लागेल. तोवर तुमच्या तपासण्या होतील." त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. मी मुद्दाम उशिराचा रस्ता धरलाय हे त्यांना समजलं होतं असं मला वाटतं.

त्यानंतरचे दिवस जरा बरे गेले. मी त्यांना लिफ्टने खाली न्यायला लागले. त्या डोळे घट्ट मिटून माझा दंड धरायच्या आणि खाली पोचलं की सोडायच्या. सोसायटीच्या बाकावर त्यांना इगतपुरीकडची एक म्हातारी भेटली, ती आपल्या लेकीकडे आलेली होती. दोघींचं जमलं. डॉक्टरांनी भाजीत चिमटीभर मीठ घालायला परवानगी दिली, त्या दिवशी त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली.

मग मिस्त्रींचा फोन आला. "मॅडम, जरा येऊन जा. फोनवर नको."

मी गेले. इंजिनाचा मुख्य लोखंडी भाग, ज्याला ते ब्लॉक म्हणतात, तो त्यांनी नाशिकच्याच अंबड भागातल्या एका वर्कशॉपला बोअरिंगसाठी पाठवला होता. तिथे तो धुऊन साफ केल्यावर आत तडा दिसला. केसासारखा बारीक, पण आरपार. मिस्त्रींनी मला तो दाखवला. खरं सांगायचं तर मला नीट दिसलाही नाही.

"माझी चुकी," ते म्हणाले. "आधी धुऊन बघायला पाहिजे होतं. मला वाटलं नव्हतं तडा असंल. आता याला बनवण्यात अर्थ नाय. बनवलं तरी मी छातीवर हात ठेवून सांगणार नाय की चालंल."

मी स्टुलावर बसले. गॅरेजमध्ये कुठल्यातरी गाडीचा हॉर्न तपासत होते, तो सारखा वाजत होता. तीन आठवडे गेले होते. एकदा ठरवलं, आता पुन्हा ठरवायचं. मिस्त्री माझ्यासाठी चहा घेऊन आले आणि तो निवला तरी मी हातात धरून बसले. एक क्षण खरोखर वाटलं, दाजी म्हणतात ते करावं. भंगारवाल्याला फोन करावा, त्याने येऊन ओढून न्यावी, संपलं. मला गाडी नको होती. इंजिन नको होतं. मला कुणीतरी, बस, आता तू काही करू नकोस, एवढं म्हणायला हवं होतं.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "ब्लॉकला तडा आहे. दुरुस्त होत नाही. आता काय करायचं ते मला विचारू नकोस. मला सुचत नाही."

इतक्या वर्षांत मी असं पहिल्यांदा बोलले असेन. त्याने माझ्याकडे पाहिलं. सासूबाईही बघत होत्या. तो म्हणाला, "बरं. उद्या मी सुट्टी टाकतो. आपण दोघं जाऊ." आणि थोड्या वेळाने, "मला आधीच यायला हवं होतं. तुझी गाडी म्हणत म्हणत मी बाजूलाच राहिलो."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू सासूबाईंजवळ बसल्या आणि आम्ही दुसरं इंजिन बघायला रिक्षाने अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात गेलो. मिस्त्री तिथे आधीच येऊन थांबले होते. जुन्या गाड्यांचे सांगाडे, दारांच्या चळती, काचा, सायलेन्सर, सगळं उन्हात तापत पडलेलं. पहिल्या दुकानात एक इंजिन जमिनीवर ठेवलेलं होतं. दुकानदार म्हणाला एकदम फर्स्टक्लास आहे. पण चालू करून दाखवायची सोय नव्हती आणि ज्या गाडीतून ते काढलं तिचे कागदही नव्हते. मिस्त्रींनी लगेच नको म्हटलं, कारण इंजिन बदललं की त्याचा नंबर आरटीओत दाखवून गाडीच्या कागदांवर चढवून घ्यावा लागतो. कागद नसले तर उद्या आपणच अडकायचो.

दुसऱ्या ठिकाणी आमच्याच मॉडेलची एक गाडी उभी होती. मागून ट्रकने ठोकलेली. डिकी थेट मागच्या सीटवर आलेली, पुढचा भाग मात्र धड होता. कागद होते. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, तेल काढून बोटांवर चोळून पाहिलं, आणि दुकानदाराला चावी फिरवायला सांगितलं. इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

नवरा पुढे झाला. त्याला जवळचं फारसं स्पष्ट दिसत नाही. त्याने बॉनेटच्या कडेला हात टेकला, डोळे मिटले आणि ऐकत उभा राहिला. मिस्त्री काही बोलायला गेले तर त्याने हाताने थांबवलं. मग दुकानदाराला म्हणाला, "जरा ॲक्सिलरेटर द्या. सोडा. पुन्हा द्या." इंजिन गरम होऊन पंखा सुरू होईपर्यंत त्याने ते बंद करू दिलं नाही. उन्हाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी एका आडव्या ठेवलेल्या टायरवर बसले होते. मला उठावंसंही वाटत नव्हतं.

शेवटी तो मिस्त्रींना म्हणाला, "मला तरी खोट वाटत नाही. तुम्हाला?"

"मला बी नाय वाटत. पण साहेब, गॅरंटी मी कशाचीच देणार नाय आता."

"नका देऊ." तो माझ्याकडे वळला. "हे घेऊ. तू बस इथेच, मी बोलतो त्यांच्याशी."

व्यवहाराचं बोलणं बराच वेळ चाललं होतं. काय ठरलं ते मी त्या दिवशी विचारलंही नाही.

नवं म्हणजे दुसऱ्याचं इंजिन बसवून गाडी आली तेव्हा शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले होते. तिचा आवाज बदलला होता. पूर्वीपेक्षा जरा जाड, घसा बसल्यासारखा. पहिले काही दिवस मला सिग्नलला वाटायचं की शेजारचीच गाडी वाजतेय. आरटीओच्या फेऱ्या नवऱ्याने मारल्या, रिक्षाने जाऊन, माझ्याकडून फक्त सह्या घेतल्या. डॉक्टरांनी सासूबाईंना तपासलं आणि म्हणाले, जाऊ द्या येवल्याला, पण गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि पंधरा दिवसांनी दाखवायला आणायचं. शेजारणीची मोठी मुलगी त्यांच्याकडे झोपायला येईल असं ठरलं. ते सासूबाईंनीच फोनवरून ठरवलं होतं, आम्हाला नंतर सांगितलं.

जायच्या दिवशी नवऱ्याला कामावर जाणं भाग होतं. परत आम्ही दोघीच. इगतपुरीकडची ती म्हातारी खाली निरोप द्यायला आली होती. वाटेत सासूबाई फारशा बोलल्या नाहीत. चांदोरीजवळ त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हळूच चाल. कोणाला घाई हाय आता?" निफाडला आम्ही रसवंतीपाशी थांबलो. त्यांनी अर्धा ग्लास उसाचा रस घेतला आणि बाकीचा माझ्या ग्लासात ओतला.

येवल्याला पोचल्यावर त्यांनी कुलूप स्वतः उघडलं. घरात धुळीचा आणि बंद कपड्यांचा वास भरला होता. शेजारणीने येऊन खिडक्या उघडल्या, माठ भरला, दोघींसाठी ताक आणलं. सासूबाई आपल्या उंबऱ्यावर टेकून बसल्या आणि गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आपल्या आजारपणाची गोष्ट सांगायला लागल्या. त्यात कांद्याचा पिकअप आला, ड्रायव्हरची बायको आली, लिफ्ट आली. मला थोडंसं हसू आलं.

मी त्यांच्या गोळ्या डब्यात लावून ठेवल्या, औषधांच्या वेळा शेजारणीच्या मुलीला समजावल्या, गॅस तपासला. मग पाठ टेकायला म्हणून मधल्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर नुसती आडवी झाले. फरशी गार होती. बाहेरून कुठूनतरी मागाची खटखट येत होती. पाच मिनिटं पडू आणि निघू, असं मनात होतं.

जाग आली तेव्हा ऊन उतरून गेलं होतं. माझ्या अंगावर त्यांचं जुनं लुगडं घातलेलं होतं आणि डोक्याखाली घडी केलेली चादर होती, ती कधी सरकवली मला कळलंही नव्हतं. माझा फोन उशाला नव्हता. बाहेर उंबऱ्यावर सासूबाई तो कानापासून थोडा लांब धरून बोलत होत्या.

"पोचलो रे, कवाच पोचलो. गाडी बरी चालली. ही? झोपलीय. नाय, उठवत नाय मी. तिची झोप झाली की येईल. तुला भूक लागली तर खिचडी टाक."

मी डोळे उघडले होते, पण उठले नाही. कुशीवर वळले आणि पुन्हा झोपले.